मादामच्या फोनचा दुसरा कान

मी एक जुना कान आहे, तोही सुटा. मला तोंड नाही, डायल नाही, स्वतःचा नंबर नाही. पूर्वी आमच्या पॅरिसमध्ये करडे टेलिफोन असत. त्यांच्या पाठीला एक आकडी असे आणि त्या आकडीत माझ्यासारखा एक गोल कान वायरने लटकत असे. घरातला एकजण रिसीव्हर घेऊन बोलू लागला की दुसऱ्याने मला उचलायचं, कानाला लावायचं आणि पलीकडचं बोलणं ऐकायचं. फक्त ऐकायचं. मध्ये तोंड घालायची सोय माझ्यात नाही. काही घरांत मला 'सासूचा कान' म्हणत. हे नाव ठेवणाऱ्याला सासवा फारशा भेटल्या नसाव्यात. सगळं ऐकून गप्प बसणारी सासू निदान माझ्या पाहण्यात नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी एक मुलगी बसायची. तयार झालेला प्रत्येक कान ती स्वतःच्या कानाला लावायची, आतली खरखर ऐकायची आणि मान हलवायची. माझ्या वेळी तिने हलवलेली मान होकाराची होती की डुलकीची, हे मला आजवर कळलेलं नाही, पण मी पास झालो. रिसीव्हरला जन्मतःच जोडीदार मिळतो. त्याच्या एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला तोंड. माझ्या खोक्यावर मात्र 'हवा असल्यास' असं छापलेलं होतं. ज्याचं आयुष्य असं सुरू होतं, तो पुढे फारसा रुसत नाही.

मला मागवलं मस्य, म्हणजे श्रीयुत, ओझेरो यांनी. टेलिफोनचा अर्ज त्यांनी केला, पण टेलिफोन आला तेव्हा ते या जगात नव्हते. त्या काळी आमच्याकडे हे चालायचंच, अर्ज एकाचा आणि बोलणं दुसऱ्याचं. जोडणी करायला आलेल्या माणसाने मादाम ओझेरोंना विचारलं, की जास्तीचा कान खरंच बसवायचा का. मादाम म्हणाल्या, नवऱ्याने लिहिलंय ना, मग बसवा, ते उगाच काही लिहीत नसत. मुलाचा फोन आला की दोघांनी मिळून ऐकावं, असं मस्य ओझेरोंच्या मनात असावं. मला बसवलं गेलं, आणि दुसरा ऐकणारा घरात नव्हताच.

ते घर विणकर गल्लीत, पाचव्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. मादामचं पूर्वी टोप्यांचं दुकान होतं. बायकांनी टोप्या घालणं सोडलं तेव्हा मादामनी दुकान सोडलं, पण बायकांना माफ केलं नाही. त्यांचा मुलगा रेजीस दूर लिआँ शहरात असायचा. दर रविवारी, चर्च सुटून लोक केकचे खोके घेऊन घरी परतायच्या सुमाराला, त्याचा फोन यायचा. मादाम बोळातल्या खुर्चीत ताठ बसून फोन घ्यायच्या, आणि मी त्यांच्या गुडघ्यापाशी लटकत असायचो. धूळ बसायची, पुसली जायची, पुन्हा बसायची.

मग मादामना ऐकू येईनासं झालं. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी घंटा ऐकू येईना, मग रेजीसचं बोलणं. मादामनी टेलिफोन खात्याकडे लाइन खराब असल्याची तक्रार केली. एक माणूस आला, त्याने सगळं तपासलं आणि सांगितलं, लाइन उत्तम आहे मादाम. मादाम म्हणाल्या, "काय म्हणालात?" त्याने तेच जरा मोठ्याने सांगितलं. मादाम पुन्हा म्हणाल्या, "काय?" मग तो बिचारा कागदावर सही घेऊन गेला. मादाम मला म्हणाल्या, म्हणजे स्वतःशीच म्हणाल्या, की हल्लीचे कामगार तोंडातल्या तोंडात बोलतात.

रेजीसला संशय आला. तो विचारायचा गुडघ्याचं, मादाम सांगायच्या हवेचं. शेवटी एका रविवारी त्याने ओरडून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की शहराबाहेर एक चांगला वृद्धाश्रम आहे, मोठी बाग आहे, आणि ज्या बाईला फोन ऐकू येत नाही तिने पाचव्या मजल्यावर एकटीने राहणं शहाणपणाचं नाही. सप्टेंबरपर्यंत बघतो, नाहीतर नाव घालतो. दुर्दैवाने एवढं मात्र मादामना नीट ऐकू आलं.

इथे देओलिंदा येते.

देओलिंदा आमच्या इमारतीची राखणदारीण. तळमजल्यावर दाराशेजारच्या खोलीत ती आणि तिचा गवंडी नवरा आर्मिंदो राहायचे. दोघंही पोर्तुगालहून आलेली. जिने पुसणं, कचऱ्याचे डबे बाहेर काढणं, टपाल वर नेऊन देणं हे तिचं काम. तिचं फ्रेंच जिन्यापुरतं होतं, म्हणजे 'सावकाश', 'ओलं आहे', 'वर नाहीत' आणि 'पाय पुसा'. बाकीचं ती हातांनी बोलायची. जिन्यात ते पुरायचं. पायरी ओली आहे हे सांगायला एक बोट खूप झालं. टेलिफोनमध्ये बोट दाखवता येत नाही, हीच तिची अडचण होती. म्हणून टेलिफोन पुसायलासुद्धा ती जरा लांब उभी राहून पुसायची.

एका रविवारी ती टेलिफोन पुसत असतानाच घंटा वाजली. तिने मादामना हाताने खूण केली आणि मादामनी रिसीव्हर उचलला. मी तेव्हा देओलिंदाच्या फडक्यात होतो. काय करावं ते न सुचून तिने मला कानाला लावलं. रेजीस विचारत होता, आई, डॉक्टरकडे गेली होतीस का. मादाम म्हणाल्या, हो, पाऊस आहे. देओलिंदाला एवढं फ्रेंच कळत होतं. ती मादामसमोर वाकली आणि कुजबुजली, "डॉक्टर. डॉक्टर विचारतात."

रेजीसने लगेच विचारलं, "आई, कोण आहे तिथे?"

देओलिंदाने तेही पुटपुटलं आणि मादामनी ते तिच्या ओठांवरून वाचलं. टोप्यांच्या दुकानात आरशातून गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. गिऱ्हाईक मैत्रिणीच्या कानात काय पुटपुटतं, हे कळल्याशिवाय टोपी खपत नसे. त्या शांतपणे म्हणाल्या, "रेडिओ आहे," आणि रेडिओकडे, म्हणजे देओलिंदाकडे, डोळे वटारले. तेव्हापासून देओलिंदाने आवाज बंद केला. रेजीस बोलायचा, देओलिंदा माझ्यातून ऐकायची आणि तेच शब्द नुसत्या ओठांनी, मोठ्ठं तोंड उघडून, पण श्वाससुद्धा न वाजवता मादामना दाखवायची. मादाम वाचायच्या आणि रिसीव्हरमध्ये उत्तर द्यायच्या. दोन बायकांत मिळून एक कान आणि एक तोंड, असा तो संसार होता. मधला धागा मी.

सुरुवातीला देओलिंदाला अर्ध्याहून जास्त शब्दांचा अर्थ कळत नव्हता. ती आवाज ऐकायची आणि त्याचा आकार ओठांनी करायची, ओळख नसलेल्या माणसाची नक्कल करावी तसा. फोन झाला की मादाम कॉफी करायच्या आणि मग शिकवणी सुरू व्हायची. मादाम सांगायच्या की आधी नमस्कार. नमस्कार नाही तर पुढे काही नाही, घराला आग लागलेली असली तरी आधी नमस्कार. मग आपलं नाव. मग त्रास दिल्याबद्दल माफी, मग काम. देओलिंदाला हे उलटंच वाटायचं. तिच्या गावात कामाआधी समोरच्याच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात, कोंबड्यांसकट. एकदा मादाम डॉक्टरांची वेळ घेत होत्या. पलीकडची बाई दवाखान्याची वही चाळते आहे तोवर गप्प बसणं देओलिंदाला फारच उद्धटपणाचं वाटलं. मादामना आठवण करून द्यावी म्हणून तिने ओठांनी सुचवलं, 'तुमची आई कशी आहे?' मादामना वाटलं, दवाखान्यातली बाईच विचारते आहे. त्या गहिवरून फोनवर म्हणाल्या, "माझी आई जाऊन फार वर्षं झाली हो. पण विचारलंत, बरं वाटलं." पलीकडे वहीची पानं वाजायची थांबली. मग त्या बाईने दुसऱ्याच दिवसाची वेळ दिली.

त्यानंतर नियम झाला की स्वतःच्या मनचं काही सांगायचं असेल तर देओलिंदाने छातीवर हात ठेवायचा.

सगळ्यात अवघड होतं फोन ठेवणं. आमच्याकडे फोन एकदम ठेवत नाहीत. आधी 'बरं तर' म्हणायचं. मग 'चल, तुझा वेळ घेत नाही'. मग 'जप स्वतःला', मग 'रविवारी बोलू', मग मुका, मग दुसरा मुका, आणि मग ऐनवेळी आठवलेली एक गोष्ट, की पुन्हा पहिल्यापासून. रेजीसचे मुकेसुद्धा देओलिंदाला ओठांनी पोचवावे लागायचे. पहिल्यांदा ती लाजून लाल झाली. पुढे सरावली.

हळूहळू ती पटाईत झाली. गॅसवाला, बेकरी, चुकीचा नंबर लावणारे, अंगावर खेकसणारे, गोड बोलून टाळणारे, सगळ्यांचं बोलणं तिला कळू लागलं. इतकंच काय, मादामनी काय उत्तर द्यावं तेही ती छातीवर हात ठेवून आधीच ओठांनी जुळवून द्यायची, आणि ते मादामच्या उत्तरापेक्षा सभ्य असायचं. जिने पुसताना ती ओठांनी सराव करायची. भाडेकरू म्हणायचे, काय देवभोळी बाई, पायरीगणिक जप करते.

आर्मिंदो तिची थट्टा करायचा. "आज कुणाचा फोन होता? राष्ट्राध्यक्षांचा?"

"गॅसवाल्याचा," देओलिंदा म्हणायची. "तुझ्यापेक्षा बरा बोलतो. निदान नमस्कार तरी करतो."

रेजीस खूश होता. तो म्हणाला, आई, तुझे कान माझ्यापेक्षा तल्लख झालेत. बागेचा विषय मागे पडला. ते कौतुक माझंही आहे असं मी धरून चाललो. कुणी विचारलं नाही, पण आपण धरून चालायला काय जातं?

एकदा मादामनी रिसीव्हर देओलिंदापुढे धरला. "आता तू बोल. बेकरीला सांग, उद्या दोन पाव जास्त हवेत."

देओलिंदा मागे सरकली. "नको मादाम. मला ऐकता येतं, तेवढं पुरे. मी बोलले तर पलीकडचा हसेल, आणि मला ते ऐकू येईल. तुमचं तसं नाही."

मादामनी हे शेवटचं वाक्य नीट वाचलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "काय म्हणालीस, दिसलं नाही," आणि स्वतःच बेकरीला फोन लावला.

मित्रांनो, इथे माझ्या घडणीची एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. फोनवर बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाजही थोडासा माझ्यातून येतो. पलीकडचा मोठा, अलीकडचा बारीक. मादाम बोलायच्या तेव्हा त्यांचा आवाज माझ्या पडद्यावर थरथरायचा. त्या पहिल्या 'डॉक्टर'नंतर देओलिंदाचा कधीच आला नाही. येणार कसा? तिने तो काढलाच नव्हता.

ऑगस्ट आला. ऑगस्टमध्ये आमचं शहर रिकामं होतं. बेकरी बंद, डॉक्टर समुद्रावर, खिडक्यांना फळ्या. राखणदारणीसुद्धा गावी जातात. आर्मिंदो गावी बांधत असलेल्या घराच्या भिंती चढवायला गेला. देओलिंदा गेली नाही. तिने त्याला जिन्यांना रंग द्यायचाय असं काहीतरी सांगितलं. खरं कारण असं होतं, की ऑगस्टमध्येही रविवार असतात.

अशाच एका शनिवारी सकाळी ती टपाल घेऊन वर आली. मादामची लाकडी जमीन आदल्या दिवशीच तिने मेण लावून घासली होती. अशा जमिनीवर चपला चालत नाहीत. पायाखाली जाड लोकरीचे दोन तुकडे घेऊन घसरत घसरत चालायचं, ही मादामची शिस्त. त्यातला एक तुकडा भिंतीपाशी पडला होता आणि मादाम बोळात, माझ्याखालीच आडव्या होत्या. एक पाय भलतीकडेच वळलेला. त्या पडल्या तेव्हा मी वरूनच पाहिलं होतं. पाहण्यापलीकडे मी काय करणार?

देओलिंदाने त्यांना उचलायचा प्रयत्न केला तेव्हा मादाम किंचाळल्या. ती किंचाळी त्यांची त्यांना ऐकू आली नाही, म्हणून त्यांनी ती आवरलीही नाही. मग धापा टाकत त्या म्हणाल्या, "कुणाला बोलवायचं नाही. उद्या रविवार आहे. रेजीसचा फोन होऊ दे, मग बघू."

"उद्या?" देओलिंदा म्हणाली. "मादाम, तुमचे ओठ पांढरे पडलेत."

"ओठ तुझे महत्त्वाचे. माझ्या ओठांचं काय करायचंय?" असं म्हणून मादामनी डोळे मिटले. ते त्यांनी स्वतः मिटले की मिटले गेले, हे कळायला मार्ग नव्हता.

देओलिंदा बाहेर जाऊन समोरचं दार ठोठावून आली. खालच्या मजल्यांवर हाका मारून आली. इमारतीत कुणी नव्हतं. गल्लीतही नव्हतं. तेव्हा ती माझ्यापाशी आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने रिसीव्हर उचलला, आणि सवयीने दुसऱ्या हाताने मलाही. पडलेल्या माणसाला उचलायलाही आमच्याकडे आगीचे बंबवालेच येतात. तिने त्यांचा नंबर, अठरा, फिरवला.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "बंब केंद्र. बोला."

आणि देओलिंदा बोलली. काय बोलली, मित्रांनो. नमस्कार मस्य, मी विणकर गल्लीतली राखणदारीण, त्रास देते त्याबद्दल माफ करा, आमच्या मादाम ओझेरो पडल्या आहेत, पाय मोडलेला दिसतो, पाचवा मजला, लिफ्ट नाही. एक शब्द चुकला नाही. मादामच्या सगळ्या कॉफ्यांचं चीज झालं. फक्त त्यातलं काहीही माझ्या पडद्यावर थरथरलं नाही. ती तसंच बोलली जसं बोलायला ती शिकली होती. मोठ्ठं तोंड उघडून, स्पष्ट, आणि श्वाससुद्धा न वाजवता.

पलीकडचा म्हणाला, "हॅलो? बोला. बोला, मी ऐकतोय. हॅलो?" देओलिंदाला वाटलं, तो धीर देतोय. ती आणखी भरभर बोलली. मग तो कुणाला तरी म्हणाला, सोड, कुणी नाही, आणि लाइन कट झाली. मुके नाहीत, 'बरं तर' नाही. इतक्या महिन्यांत तिने कुणाला असा फोन ठेवताना ऐकलं नव्हतं. तिने त्याचा एकच अर्थ लावला, की माणूस धावत निघाला.

तिने मादामच्या डोक्याखाली उशी सरकवली, आणि दार उघडून धरायला खाली गेली.

मी वर लटकलेला. येणार नव्हतं कुणी. हे सबंध पॅरिसमध्ये एकट्या मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. मस्य ओझेरोंनी अर्जात दुसरा कान मागितला होता, दुसरं तोंड मागितलं नव्हतं. खाली मादामच्या छातीचा भाता मध्येच अडायचा, पुन्हा चालू व्हायचा. ऊन खिडकीच्या फळ्यांमधून त्यांच्या हातावर आलं, हातावरून भिंतीवर गेलं. मी वायरीला लोंबत होतो आणि फार चांगल्या प्रतीचा होतो. कारखान्यात पास झालेला.

देओलिंदा परत आली ती घामाघूम. तिला वाटत होतं, गल्ली सापडली नसेल, ऑगस्टमध्ये नवीन माणसं असतात. तिने पुन्हा फोन लावला. आता मादामचे डोळे उघडे होते आणि तिच्या तोंडावर खिळलेले होते. देओलिंदाने पुन्हा सगळं सांगितलं, पत्ता तर दोनदा सांगितला.

"छान सांगितलंस," मादाम खालून पुटपुटल्या. "नको म्हटलं होतं, तरी सांगितलंस. पण छान, पत्तासुद्धा स्पष्ट."

जगात देओलिंदाचं फ्रेंच कळणारी एकच बाई होती, आणि त्या बाईला ते नुसत्या ओठांचं आहे हे कळणं शक्यच नव्हतं. आवाज नसणं हे मादामच्या लेखी काही नवीन नव्हतं.

या वेळी पलीकडचा माणूस लगेच गेला नाही. जरा थांबून म्हणाला, "हे बघा, कुणी असेल तिथे तर आवाज करा. काहीतरी आपटा. मला काहीही ऐकू येत नाहीये."

देओलिंदा जागच्या जागी थिजली. आणि सवय बघा, तिने तेही मादामना ओठांनी पोचवलं. ते म्हणतात, त्यांना काही ऐकू येत नाही.

"मग ठेव," मादाम म्हणाल्या. "बरंच झालं. बहिऱ्यांना कशाला बोलवायचं? देओलिंदा, ऐक माझं. पत्ता सांगू नकोस. ते येतील, मग रेजीस येईल, मग ती बाग. मी इथून एकदा खाली गेले की परत वर येणार नाही. ठेव तो फोन."

देओलिंदाने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने काय केलं, सांगतो. तिने मादामकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड केलं, इतकं जवळ की कपाळ भिंतीला टेकलं. मादामसमोर तिने आजवर कधी तोंड फिरवलं नव्हतं. फिरवलं की मादामचं जग बंद पडायचं. मग तिने गळ्यावर हात ठेवला, आतली वस्तू जागेवर आहे का ते बघावं तसा, आणि माझा पडदा थरथरला.

"बोंजूर मस्य," देओलिंदा म्हणाली. आवाज जाडाभरडा होता, गावाकडचा, जिना हाकेने दणाणून जाईल असा. "त्रास देते त्याबद्दल माफ करा."

"बाई, नमस्कार राहू द्या. पत्ता सांगा."

"सांगते मस्य. आधी माझं नाव. मी देओलिंदा."

"पत्ता, बाई."

तिने पत्ता सांगितला. मागून मादाम विचारत राहिल्या, "काय बोलतेयस? इकडे बघ. देओलिंदा, मला दिसत नाहीये. इकडे बघून बोल." देओलिंदा भिंतीकडेच बघत राहिली आणि पाचवा मजला, लिफ्ट नाही, इथवर सगळं सांगून मोकळी झाली. पलीकडचा माणूस म्हणाला, निघालो. या वेळी तो खरंच निघाला.

मादाम वाचल्या. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत टिकल्या नसत्या. आणि मादाम म्हणाल्या होत्या तेही खरं झालं. त्या खाली गेल्या आणि परत वर आल्या नाहीत.

रेजीस आला, समुद्रावरून उठून आलेला, नाक भाजलेला. घर आवरताना त्याने देओलिंदाला विचारलं, की आईला काही ऐकू येत नाही असं इस्पितळात सांगतात, मग दर रविवारी ती माझ्याशी बोलायची कशी? देओलिंदाने मला आकडीवरून काढून त्याच्या हातात दिलं. त्याने मला कानाला लावलं. रिसीव्हर जागेवर होता, तेव्हा मी मुका. तो म्हणाला, यातून तर काहीच ऐकू येत नाही.

"मी ऐकायचे मस्य," देओलिंदा म्हणाली. "तुम्ही बोलायचात ते सगळं मी ऐकायचे."

त्याने आपल्या बायकोबद्दल आईला काय काय सांगितलं होतं ते त्याला एकेक आठवत गेलं असावं, कारण भाजलेल्या नाकाखालचा चेहराही तसाच झाला. जाताना टेलिफोन तिला देऊन गेला. म्हणाला, घ्या, तुमचाच आहे हा. राग होता की आभार, मला सांगता येणार नाही. मला फक्त आवाज कळतात.

अशा रीतीने मी तळमजल्यावर आलो. पुढे त्या खोलीत लाइनही आली. आता देओलिंदा स्वतः फोन घेते आणि इतक्या मोठ्याने बोलते, की अंगणाच्या पलीकडचे भाडेकरू खिडकीतून परस्पर उत्तरं देतात. मला कुणी उचलत नाही. नव्या टेलिफोनांना तर माझी जागाच नसते, पाठ गुळगुळीत. कारखान्यानेही माझी जात बनवणं थांबवलं.

देओलिंदा बस पकडून त्या बागेत, म्हणजे वृद्धाश्रमात, मादामना भेटायला जायची. ती ओठ हलवू लागली की मादाम डोळे मिटून घ्यायच्या. बहिऱ्या माणसाला फोन आपटायचा असेल तर दुसरा उपाय नाही. देओलिंदा तशीच बसायची, मिटलेल्या डोळ्यांना हवापाणी सांगायची आणि परत यायची. घरी आल्यावर आर्मिंदो विचारायचा, उघडले का? ती नकारार्थी मान हलवायची. त्याने थट्टा करणं सोडून दिलं होतं.

मग एका रविवारी आमची घंटा वाजली. देओलिंदाने रिसीव्हर उचलला, आणि का कोण जाणे, दुसऱ्या हाताने मलाही. पलीकडे मादाम होत्या. तिथल्या नर्सने नंबर लावून दिला होता आणि ती निघून गेली होती. तिथल्या फोनला दुसरा कान नाही, आणि दुसरा कान धरणारं माणूसही नाही.

"देओलिंदा," मादाम म्हणाल्या, "मला काही ऐकू येत नाही, तेव्हा तू बोलू नकोस, वाया जाईल. फक्त फोन ठेवू नकोस." मग त्यांनी सांगितलं की सूप पाणचट असतं, बागेत तीच ती फुलं, शेजारची म्हातारी टोपी उलटी घालते. पत्ता सांगितलास ते बरं केलंस की वाईट, यावर विचार चालू आहे, म्हणाल्या, अजून ठरलेलं नाही. मग थांबल्या आणि विचारलं, "आहेस ना?"

देओलिंदा म्हणाली, "आहे, मादाम."

मादामनी उत्तराला लागेल तेवढा वेळ सोडला, अंदाजाने, आणि पुढे बोलू लागल्या.

आता हे दर रविवारी होतं. मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, माझी वायर ठिसूळ झाली आहे, आणि उपदेश करायला मला तोंड नाही. तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी फोन उचललात आणि पलीकडून काहीच आलं नाही, तर 'पोरं असतील' म्हणून लगेच ठेवू नका. थोडं थांबा. कुणीतरी तिथे जिवाच्या आकांताने बोलत असेल. आणि घरातल्या ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याच्याकडे तोंड करून बोला. त्याला तेवढंच पुरतं. आम्हाला सांभाळलंत नाही तरी चालेल, आम्ही 'हवा असल्यास' होतो.

रविवारी मादाम मध्येच थांबून विचारतात, "आहेस ना?" आणि देओलिंदा रिसीव्हर दोन्ही हातांत धरून, गळ्याच्या शिरा ताणून सांगते, आहे, मादाम, आहे. सगळ्या अंगणाला ऐकू जातं.